जखम, चुंबक आणि गटाचे पैसे

 

गेल्या काही महिन्यांत गटांच्या बैठकीत एकच प्रश्न आम्हाला वेगवेगळ्या तोंडून ऐकायला मिळाला. "ताई, चुंबकाच्या मशीननं जखम भरते म्हणतात, खरं का?" कुणाला मोबाईलवर व्हिडिओ आलेला असतो. कुणाच्या दारी कोणी पट्टा, गादी, चपलेतला तळवा घेऊन आलेला असतो. घरात शुगरचा माणूस असतो, पायाची जखम दोन-दोन महिने भरत नसते, आणि समोरचा छातीठोकपणे सांगतो की एकवीस दिवसांत फरक पडेल. मग गटाकडे कर्जाचा अर्ज येतो. म्हणून आजचा विषय हाच. आम्ही डॉक्टर नाही. पण गटाचा पैसा कुठे जातो हे बघणं आपलं काम आहे, आणि घरातल्या माणसाचा पाय तर पैशाहून मोठा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. विद्युतचुंबकीय उपचार नावाची गोष्ट खरंच आहे. ती थाप नाही. तारेच्या वेटोळ्यातून वीज सोडली की त्याच्याभोवती चुंबकाचं बळ तयार होतं. वीज थांबत-थांबत, कमी-जास्त होत सोडली की ते बळही कमी-जास्त होतं, आणि असं बदलणारं बळ जवळच्या वस्तूत बारीक वीज निर्माण करतं. हे मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञानं १८३१ साली दाखवून दिलं.

आपल्याला हे काही परकं नाही. आपल्या जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत सळयांचे कारखाने आहेत. तिथं भंगार वितळवायच्या इंडक्शन भट्ट्या याच तत्त्वावर चालतात. घरातली इंडक्शन शेगडी तीच. तिच्यावर लोखंडी तवा तापतो, मातीचं गाडगं तापत नाही, हे तुम्ही बघितलंच असेल. शेगडी बंद केली की काहीच होत नाही, कारण वीज थांबली. उपचाराच्या यंत्रात हे बळ फार कमी ठेवतात, त्यामुळे माणसाला बहुतेक वेळा काही जाणवतही नाही.

मग याचा जखमेशी काय संबंध? आपल्या कातडीत एक अगदी बारीक वीज असते. कातडी फाटली की त्या जागी ती वाहू लागते, आणि जखम भरून काढणाऱ्या पेशींना कुठे सरकायचं याची दिशा मिळायला तिची मदत होते. म्हणून शास्त्रज्ञांना वाटलं, बाहेरून थोडी मदत केली तर रेंगाळलेली जखम लवकर भरेल का? प्रश्न रास्त आहे. हाडाच्या बाबतीत तर याचा उपयोगही झाला. न जुळणाऱ्या मोडलेल्या हाडासाठी अशा यंत्राला अमेरिकेच्या सरकारी औषध खात्यानं १९७९ साली मान्यता दिली.

आता जखमांचं बघू. आपल्या देशात कुष्ठरोगाच्या रुग्णांच्या तळपायाच्या जखमांवर असा एक प्रयोग झाला. १९९७ साली तो कुष्ठरोगाविषयीच्या भारतीय नियतकालिकात छापून आला. काही रुग्णांना नेहमीची मलमपट्टी दिली. काहींना तीच मलमपट्टी आणि सोबत चार आठवडे चुंबकीय उपचार. दुसऱ्या रुग्णांच्या जखमा जास्त वेगानं लहान झाल्या. चांगली बातमी आहे. पण रुग्ण मोजकेच होते, आणि तो प्राथमिक अभ्यास होता, हे ते करणाऱ्यांनी स्वतःच म्हटलं होतं. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. मलमपट्टी कुणाचीच बंद केली नव्हती.

२०१५ साली कॉक्रेन नावाच्या संस्थेनं जगभरचे अभ्यास चाळले. ही संस्था उपचारांची पारख करते. पायाच्या शिरा फुगून होणाऱ्या जखमांवर तिला नीट केलेले तीनच अभ्यास सापडले, सगळे मिळून ९४ रुग्ण. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या जखमांवर दोनच, त्यात ६० रुग्ण. एवढ्यावरून फायदा होतो असं ठाम सांगता येत नाही, असं त्यांनी लिहिलं. फायदा होतच नाही असंही त्यांनी म्हटलं नाही. पुरावा अपुरा आहे, एवढंच.

अमेरिकेत म्हाताऱ्या माणसांच्या सरकारी विमा योजनेत २००४ पासून या उपचाराचे पैसे मिळतात. पण त्यांच्या अटी ऐका. आधी निदान तीस दिवस नेहमीचे चांगले उपचार झालेले पाहिजेत आणि तरी जखम भरायची चिन्हं दिसत नसली पाहिजेत. उपचार डॉक्टर किंवा शिकलेल्या फिजिओथेरपिस्टच्या हातून झाले पाहिजेत. आणि कोणाच्या देखरेखीशिवाय यंत्र घरी नेऊन लावलं, तर त्याचे पैसे मिळत नाहीत. म्हणजे जिथं हा उपचार मान्य आहे, तिथंही तो शेवटी येतो, पहिल्या दिवशी नाही. आणि दारावर विकत घेऊन तर नाहीच.

इथं आपल्याला खरी मेख कळते. आपल्या दारात जो पट्टा येतो, त्यात ना तार, ना वीज. त्यात शिवलेले असतात साधे लोहचुंबक. त्याचं बळ बदलत नाही, एका जागी स्थिर असतं. शेगडी बंद असताना तवा तापत नाही, तसंच हे. अभ्यास झाला यंत्राचा, आणि विक्री होते पट्ट्याची. नाव तेच, "मॅग्नेटिक". अभ्यासाचे कागद दाखवतील, इंग्रजीत छापलेले दाखवतील, पण ते कागद त्या पट्ट्याचे नसतात.

विकणारे आणखी एक सांगतात. रक्तात लोह असतं, चुंबक लावला की रक्त तिकडं खेचलं जातं, रक्तपुरवठा वाढतो. ऐकायला पटतं. पण रक्तातलं लोह खिळ्यासारखं नसतं, त्याला चुंबक ओढत नाही. एमआरआयच्या मोठ्या मशीनमध्ये माणसाला आडवं करून आत सरकवतात. तिथला चुंबक या पट्ट्याच्या कितीतरी पट जोरदार असतो. चुंबकानं रक्त ओढलं असतं, तर त्या मशीनमधून माणूस जिवंत बाहेर आला नसता.

आणि हो, ज्यांच्या छातीत हृदयाचं पेसमेकर यंत्र बसवलेलं आहे, त्यांनी असे पट्टे आणि अशी यंत्रं डॉक्टरांना विचारल्याशिवाय जवळ आणूच नयेत. त्या यंत्राच्या कामात बिघाड होऊ शकतो.

आमच्या एका गटात घडलेलं सांगतो. नावं सांगत नाही, सांगायची गरज नाही. एका ताईच्या सासऱ्यांना शुगर. तूर काढताना तुरीचं धसकट टाचेजवळ घुसलं. त्यांना कळलंसुद्धा नाही. संध्याकाळी घरात फरशीवर रक्ताचे डाग दिसले तेव्हा सुनेच्या लक्षात आलं. हळद भरली, चिंधी बांधली, आणि ते दुसऱ्या दिवशी पुन्हा रानात. दीड महिना झाला, जखम भरेना. मग ओळखीतला एक जण चुंबकी पट्टा आणि तळवा घेऊन आला. किंमत चौदा हजार. वर सांगितलं, तीन बायका आणखी जोडल्या तर तुमचे पैसे सुटतील. ताईनं गटाकडे पंधरा हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं.

त्या दिवशी बैठक लांबली. कोणी ताईला नावं ठेवली नाहीत. एका मावशीनं विचारलं, "गं, त्या माणसावर तुझा एवढा विश्वास कसा बसला?" ताई म्हणाली, "तो दोन तास बसला. मामंजींचं सगळं ऐकून घेतलं. पाय हातात धरून बघितला. दवाखान्यात दोन मिनिटं मिळतात." बैठक गप्प झाली, मैत्रिणींनो. कारण ते खोटं नव्हतं. विकणारा जिंकतो तो चुंबकाच्या जोरावर नाही. घाबरलेल्या घराचं कोणीतरी ऐकून घ्यायला बसलं, एवढ्यावर तो जिंकतो.

मग गटानं ठरवलं, ऐकून घ्यायचं काम आपण करू. दोघी जणी ताईबरोबर आणि सासऱ्यांबरोबर सरकारी दवाखान्यात गेल्या. जाण्याआधी एका कागदावर लिहून नेलं. जखम कधी झाली, कशानं झाली, शुगर शेवटची कधी तपासली, गोळ्या कोणत्या, ताप येतो का. डॉक्टरांनी कागद वाचला, जखम साफ केली, मेलेलं मांस काढलं. जखमेच्या तळाशी धसकटाचा बारीक तुकडा निघाला. तुरीची काडी. जगातला कुठला चुंबक काडी ओढून काढणार होता? शुगर तपासली तर खूप वाढलेली. पुढं एक महिना दिवसाआड ड्रेसिंग, शुगरची औषधं, आणि त्या पायावर भार द्यायचा नाही अशी ताकीद. जंतू मात्र तोवर करंगळीपर्यंत गेले होते. करंगळी काढावी लागली. पाय राहिला. डॉक्टर म्हणाले, अजून दोन-तीन आठवडे गेले असते तर गोष्ट पायाची होती.

गटानं ताईला कर्ज दिलं. चार हजार. रिक्षाभाडं, बाहेरून घ्यावी लागलेली औषधं आणि मऊ तळाची चप्पल यासाठी. ते वेळेवर फिटलं.

आता मुख्य गोष्ट. जखम का भरत नाही, ते कळल्याशिवाय ती भरत नाही. प्रत्येक रेंगाळलेल्या जखमेमागं काहीतरी कारण असतं.

शुगरच्या माणसाच्या पायाच्या नसा बधिर होतात. काटा टोचला, चप्पल लागली, गरम फरशीनं भाजलं, कळत नाही. दुखत नाही म्हणून तो त्याच जखमेवर चालत राहतो. वर रक्तपुरवठा कमी, आणि रक्तात साखर जास्त, म्हणजे जंतूंना फावतं. हे ज्ञान आपल्याला मिळालं ते कुष्ठरोगाच्या कामातून. पूर्वी लोक म्हणायचे, कुष्ठरोग्याची बोटं झडतात. डॉ. पॉल ब्रँड १९४६ पासून तामिळनाडूतल्या वेल्लोरच्या मिशन दवाखान्यात काम करत होते. त्यांनी दाखवलं की बोटं आपोआप झडत नाहीत. बधिर पायाला दुखत नाही, म्हणून माणूस जखमेवर चालतो, आणि जखम हाडापर्यंत जाते. त्या पायाला विश्रांती दिली, प्लास्टर घालून भार काढला, की तीच जखम भरते. नंतर मऊ तळाची चप्पल वापरली की नवी जखम टळते. ही चप्पल महाग वस्तू नाही, पण तिनं किती पाय वाचवले असतील!

अंथरुणावरच्या माणसाची गोष्ट वेगळी. माकडहाड, टाचा, खुबा यावर सतत दाब पडतो आणि तिथलं रक्त अडतं. त्याचा उपाय म्हणजे दर दोन तासांनी कूस बदलणं, चादर कोरडी आणि सुरकुतीशिवाय ठेवणं, आणि डाळ, दूध, अंडी असं पोटभर खाणं. चुंबकी गादी आणली आणि कूस बदलली नाही, तर जखम वाढणारच.

पायाच्या शिरा फुगलेल्या असतात, घोट्याजवळ कातडी काळी पडते आणि जखम होते, ती तिसरी गोष्ट. तिथं पाय उंच ठेवणं आणि घट्ट पट्टी बांधणं हा उपाय असतो. पण घट्ट पट्टी डॉक्टरांनी पायाचा रक्तपुरवठा तपासल्यावरच बांधायची. रक्तपुरवठा कमी असलेल्या पायाला घट्ट बांधलं तर उलटं नुकसान होतं.

बघा, तीन जखमा, तीन कारणं, तीन उपाय. आणि पट्टा विकणारा तिन्हींना एकच वस्तू देतो.

घरी काय करायचं ते सांगतो. ताजी जखम झाली की वाहत्या स्वच्छ पाण्यानं आणि साबणानं धुवा. स्वच्छ गॉज ठेवून पट्टी बांधा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं आहे का ते आरोग्य केंद्रात विचारा. हळद, चुना, बिडीची राख, शेण, टूथपेस्ट, रॉकेल, यातलं काहीही जखमेत भरू नका. त्यानं जखम झाकली जाते आणि आत काय चाललंय ते दिसत नाही. शुगरच्या माणसाचे पाय गरम पाण्यात बुडवू नका. त्याला पाणी किती कढत आहे ते कळत नाही. कुरूप ब्लेडनं कापू नका.

घरात शुगरचं माणूस असेल तर रोज रात्री त्याचे तळपाय बघा. बोटांच्या बेचक्यासुद्धा. म्हाताऱ्या माणसाला स्वतःला वाकून दिसत नाही, सुनेनं, नातवानं बघावं. चप्पल घालण्याआधी झटकून आत हात फिरवा, खडा असतो, खिळा वर आलेला असतो. घरातसुद्धा चप्पल घालू द्या. आता एक नाजूक गोष्ट. नवरात्रात आपण नऊ दिवस अनवाणी राहतो. अंगारकीला जालन्याहून राजूरच्या गणपतीला पायी जातो, कित्येक जण अनवाणीच. श्रद्धेला आमचा हात लागणार नाही. पण पाय बधिर असलेल्या माणसानं चप्पल घालून चालत गेलं, तर देव रागावणार आहे का? आमच्या एका आज्जींनी बैठकीतच उत्तर दिलं, "देवाला पाय नकोत, डोकं टेकवलेलं हवं."

काही खुणा दिसल्या तर एक दिवसही थांबू नका. जखमेभोवती लाली पसरत चालली, पू किंवा घाण वास येतोय, बोट काळं किंवा निळं पडलं, थंडी वाजून ताप आला, किंवा शुगरच्या माणसाची पायाची जखम असेल, मग ती कितीही लहान असो. त्याच दिवशी दवाखाना. माणूस बेशुद्ध होत असेल, फार गळून गेला असेल तर १०८ ला फोन करून गाडी बोलवा. आरोग्याचा सल्ला हवा असेल तर १०४ हा नंबर आहे.

पैशाची काळजी असते, माहीत आहे. महाराष्ट्र सरकारच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. दाखल व्हायची, ऑपरेशनची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते विचारा. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेटा. वयाची तिशी ओलांडलेल्यांची शुगर आणि रक्तदाब तपासायचं काम आशाताई आणि उपकेंद्रातून होतं. अंगावर बधिर चट्टा असेल तर तेही आशाताईंना दाखवा. कुष्ठरोगाची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि रोग पूर्ण बरा होतो.

आता गटाच्या कामाचं. कोणी आजारासाठी कर्ज मागितलं आणि त्यातून एखादी वस्तू घ्यायची असेल, तर चार प्रश्न विचारायचे. ते आमच्या गटांनी ठराव करून इतिवृत्तात लिहून ठेवले आहेत. पहिला, या दुखण्यासाठी डॉक्टरांनी माणसाला प्रत्यक्ष तपासलं आहे का? दुसरा, ही वस्तू डॉक्टरांनी कागदावर लिहून दिली आहे का? तिसरा, पक्की पावती मिळणार आहे का, तिच्यावर विकणाऱ्याचा पत्ता आहे का? आणि चौथा, वस्तूबरोबर माणसं जोडायला सांगितलं आहे का? चौथ्याचं उत्तर "हो" आलं की विषय तिथंच थांबवायचा. माणसं जोडून पैसे मिळवायच्या साखळी योजनांना २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांनी बंदी आहे. जोडलेल्या तिघी जणी आपल्याच गटातल्या असतात. पट्टा चालला नाही तर जखम तशीच राहते आणि वर गट तुटतो.

मधुमेह बरा करतो अशी औषधाची किंवा चमत्कारी उपायाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं मनाई आहे, हेही लक्षात ठेवा. फसवणूक झाली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. पावती जपून ठेवा, नाहीतर तक्रारीला पाय राहत नाहीत.

कोणी म्हणेल, मग हा चुंबकीय उपचार कधीच करायचा नाही का? तसं नाही. उद्या जखमेच्या डॉक्टरांनीच सांगितलं, की सगळं करून झालं, साखर ताब्यात आहे, भार काढला आहे, तरी जखम हलत नाही, आता यंत्राचा उपचार करून बघू, तर जरूर विचार करा. किती दिवस, किती खर्च, फरक पडला नाही तर कधी थांबायचं, हे आधी विचारून घ्या. शास्त्र पुढं जातं, पुढं आणखी चांगले अभ्यास होतील. आपण फक्त क्रम चुकवायचा नाही. आधी जखमेचं कारण, मग साखर, मग भार, मग स्वच्छ पट्टी, आणि त्यानंतर बाकी सगळं.

पुढच्या बैठकीत एक काम करा. बचत गोळा झाली की विचारा, कुणाच्या घरी पंधरा दिवसांपेक्षा जुनी जखम आहे? जिच्या घरी असेल तिच्याबरोबर दवाखान्यात कोण जाणार, ते तिथंच नाव घालून ठरवा. आम्ही आमच्या गटांत हे सुरू केलं आहे. याला कर्ज लागत नाही, व्याज लागत नाही. एका बाईचा अर्धा दिवस लागतो.

तुमच्या गटात काय ठरलं ते आम्हाला जरूर कळवा.